डोक्यावर होडी, पायाखाली मोडलेली वाट

ओगोकी नदी खळाळाच्या तोंडाशी येते तेव्हा आधी गप्प होते. पाणी काळं, ताणून धरल्यासारखं गुळगुळीत होतं. पुढे कुठेतरी ते फुटत असतं. दिसत नाही, पण ऐकू येतं. इथे वल्हं आवरतं घ्यायचं आणि काठ न्याहाळायचा. याच काठावर कुठेतरी पोर्टेज असतं, म्हणजे कनू डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन, खळाळाला वळसा घालून खालच्या शांत पाण्यापर्यंत नेणारी पायवाट. नकाशावर ती तुटक रेघेनं दाखवलेली असते. प्रत्यक्षात समोर ऑल्डरच्या झुडपांची सलग भिंत असते, तिच्यामागे स्प्रूसचं काळं रान, आणि वाटेचा मागमूस नसतो. ही वाट राखणारं आता कोणी नाही.

अशा मोडलेल्या पोर्टेजांवर माझा जीव आहे. कनूतून भटकणारे बहुतेक लोक पाण्याचं, संध्याकाळच्या उजेडाचं, लून पक्ष्याच्या हाकेचं कौतुक करतात आणि पोर्टेज म्हणजे त्या सुखासाठी मोजायची किंमत समजतात. मला ते पटत नाही. पाणी सगळ्यांना सारखंच वाहून नेतं. वाट मात्र वाचावी लागते, आणि वाचणाऱ्याची जाण जेवढी, तेवढीच ती उलगडते.

मी बोलतोय ते वाबाकिमीबद्दल. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, निपिगॉन सरोवराच्या वायव्येला हे प्रांतिक उद्यान आहे. १९८३ साली ते झालं, १९९७ साली त्याचा मोठा विस्तार झाला, आणि आता ते जवळपास ८,९०० चौरस किलोमीटरचं आहे. आत रस्ता नाही. दक्षिणेच्या कडेनं जाणाऱ्या रेल्वेच्या एखाद्या आडथांब्यावर होडीसकट उतरायचं, नाहीतर आर्मस्ट्राँग गावाजवळून छोट्या तरंगत्या विमानाच्या पायांना कनू बांधून आत जायचं. हिमयुगातल्या बर्फानं इथला खडक खरवडून काढला आणि मागे सरताना पाण्याला धड उतार ठेवला नाही. त्यामुळे इथल्या नद्या नदीसारख्या वाहत नाहीत. एक सरोवर भरतं, कडेवरून सांडतं, खडकांतून धडपडत खालच्या सरोवरात जातं, तिथे पुन्हा पसरतं. प्रत्येक सांडीपाशी जमिनीवरून जावं लागतं. कधी पन्नास पावलं, कधी किलोमीटरच्याही वर.

याच प्रांतात दक्षिणेकडे अल्गॉन्क्विन उद्यान आहे. तिथे प्रत्येक पोर्टेजच्या तोंडाशी पिवळी पाटी असते, तीवर मीटरांत लांबी. सीमेपलीकडे मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्समध्ये वनखात्याची माणसं वाटांवर पडलेली झाडं कापून बाजूला करतात. तिथले नकाशे पोर्टेज अजून रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूच्या लांबीएवढा. या वाटा चांगल्या आहेत, मुलाबाळांना घेऊन जाव्यात अशा आहेत, आणि नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी. पण तिथे वाट आपल्या आधीच कोणीतरी वाचून ठेवलेली असते. वाबाकिमीत ते काम आपल्यावर येतं, आणि चूक महागात पडते. धबधब्याच्या वरची उतरण्याची जागा हुकली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

पहिली खूण पाण्यालगतच सापडते. सपाट, पाण्यात उतरत जाणारा खडक शोधायचा आणि त्यावर वाकून बघायचं. चंदेरी ओरखडे दिसले तर जागा बरोबर आहे. १९४५ च्या सुमारास ग्रमन या विमानं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनं अॅल्युमिनियमच्या कनू काढल्या. त्या होड्यांच्या बुडाचा धातू खडकावर घासून तिथेच राहिला, आणि पावसापाण्यात टिकला. शेजारी लाल नाहीतर हिरव्या रंगाचा पुसट पट्टा असतो, तो रंगवलेल्या कॅनव्हासच्या किंवा पुढच्या काळातल्या प्लास्टिकच्या होड्यांचा. हे घासे एकमेकांवर चढलेले असतात आणि नीट पाहिलं तर कोणता आधीचा, कोणता नंतरचा हेही कळतं. बर्चच्या सालीच्या होडीनं मात्र काहीच खूण ठेवली नाही. ती इतकी नाजूक की खडकाला लागू देतच नसत. माणसं पाण्यात उतरायची, होडी तरंगती ठेवून सामान काढायची आणि मग ती अलगद उचलायची. या खडकावर सर्वांत जास्त काळ जे वावरले, त्यांचाच इथे ओरखडा नाही. मला ते फार बोलकं वाटतं.

झुडपांत शिरल्यावर नजर खोडांवर ठेवायची. जुन्या वाटाड्यांनी कुऱ्हाडीनं खोडाची साल उभी तासून खुणा केलेल्या आहेत. खूण ताजी असताना आतलं लाकूड पिवळसर दिसतं आणि त्यावर राळ ओघळते. मग झाड ती जखम भरायला घेतं. दोन्ही बाजूंनी सालीची जाड वळी आत सरकत येते, मधलं लाकूड राखाडी पडतं, फट अरुंद होत जाते, आणि कित्येक दशकांनी दोन्ही कडा एकमेकींना भिडून नुसती एक उभी शिवण उरते. ही शिवण ओळखता आली की अर्धी वाट हाती आली. वीज पडल्याची चीर खोडभर धावते. अस्वलानं ओरबाडलेली साल फाटकीतुटकी असते. कुऱ्हाडीची शिवण वीत-दोन वीत लांब आणि नीटस असते. ती दिसली की झाडाला वळसा घालून मागची बाजू पाहायची. तिथेही तशीच शिवण असेल तर शंका उरत नाही. उलट दिशेनं येणाऱ्या अनोळखी माणसाचीही कोणीतरी तेवढीच काळजी केली होती.

त्या खुणेची उंचीही पाहावी. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे खोडावरची खूण झाड मरेपर्यंत जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहते. छातीच्या उंचीवर असेल तर ती उन्हाळ्यात केलेली. डोक्याच्या वर असेल तर ती करणारा हातभर बर्फावर स्नोशूज घालून उभा होता. म्हणजे ही सापळे लावणाऱ्याची हिवाळी वाट. ती दलदलीवरून सरळ जाते, कारण हिवाळ्यात गोठलेली दलदल म्हणजे मोकळं मैदान. जुलैमध्ये होडी घेऊन तिच्या मागे लागणारा मांड्यांपर्यंत चिखलात रुततो. एकाच रानात दोन ऋतूंच्या दोन वाटा एकमेकींना छेदत जातात, आणि कोणती आपली हे खुणेच्या उंचीवरून ठरतं. पोर्टेजच्या वाचनात यापेक्षा देखणी जागा मला माहीत नाही.

आपल्याकडे घाटात ढोरवाट फसवते, तशी इथे मूसची वाट फसवते. ती माणसाच्या वाटेपेक्षा रुंद असते, खोल मळलेली असते, आणि काठापासून इतक्या ऐटीत निघते की मन तिच्याकडेच ओढ घेतं. पण मूसला पलीकडच्या पाण्याशी काही देणंघेणं नसतं. पाणवनस्पती खाऊन ती वर येते आणि रानात पांगते, तशी तिची वाटही शंभरेक पावलांवर फाटे फुटत विरून जाते. माणसाच्या वाटेवर कुठे ना कुठे कापलेलं टोक असतंच. करवतीचं असलं तर सपाट, कुऱ्हाडीचं असलं तर तिरकं. शेवाळानं झाकलेलं असलं तरी हात फिरवल्यावर कळतं. टोक सापडेपर्यंत वाट आपली मानू नये.

पायाखालची जमीनही सांगत असते. ओलसर, सावलीच्या रानात शेवाळ इतकं माजतं की वाट डोळ्यांना दिसत नाही. ती तळव्यांना कळते. मऊ थराखाली टणक पन्हळ लागते. पाऊल बाजूला पडलं की घोट्यापर्यंत जातं. याच्या उलट वाळूच्या पठारावर, जॅक पाइनच्या विरळ रानात फिकट राखी-हिरवं दगडफूल जमिनीभर पसरलेलं असतं. वनकॅरिबू हिवाळाभर त्यावर जगतात, आणि उद्यानाचा विस्तार झाला त्यामागे या कॅरिबूंची काळजी हेही एक कारण होतं. हे दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. त्यावर एकदा उमटलेली पायवाट भरून यायला दशकं जातात. म्हणून वर्दळ कधीच थांबलेली असली तरी अशा पठारावर वाट स्वच्छ दिसते, आणि पुढे दहा पावलांवर उतार लागून शेवाळ सुरू झालं की नाहीशी होते. पहिल्यांदा जाणारा माणूस इथेच गोंधळतो. ती संपलेली नसते. तिथून पुढे डोळे सोडून पायांवर विसंबायचं असतं.

वणवा मात्र सगळंच पुसतो. जॅक पाइनची शंकूफळं राळेनं घट्ट मिटलेली असतात आणि आगीच्या उष्णतेनं उघडतात. आग विझल्यावर उघड्या जमिनीवर बी पडतं आणि काही वर्षांत माणूस आडवा होऊनही शिरू शकणार नाही इतकी दाट रोपं उठतात. वरून जळके खांब मुळं कुजतील तसे वर्षानुवर्षं पडत राहतात. अशा जागी वाटेवर आडव्यातिडव्या खोडांचा ढीग असतो, मधून कोवळ्या पाइनचं कुंपण, आणि हातात घडीची करवत. शंभर मीटरला तास लागतो. यात काव्य शोधायला जाऊ नये. हे कष्टाचं काम आहे, काळ्या माश्या कानामागे चावत असतात आणि काजळीनं हात-तोंड माखतं. तरीही जळलेल्या रानात वाटेचा विचार उघडा पडतो. झाडोरा नसल्यानं जमिनीचा उठाव दिसतो, आणि वाट त्या खडकाच्या धारेला का धरून होती, खालच्या ओढ्याला टाळून वळसा का घेत होती, हे तेव्हा लक्षात येतं. जुन्या पोर्टेजात उगाच घेतलेलं वळण नसतं. सरळ जावंसं वाटलं आणि गेलात, की पुढे कडा किंवा दलदल लागणार हे ठरलेलं.

सामान एका खेपेत नेणारे थोडे. बहुतेक जण दोन खेपा करतात, म्हणजे वाट तीनदा चालून होते. माझ्या मते पहिली खेप सॅक आणि करवत घेऊन करावी, कारण डोक्यावर होडी असताना वाट शोधता येत नाही. दुसरी चाल रिकाम्या हातांची, परतीची. खरं वाचन त्या चालीत होतं. पाठ मोकळी असते, श्वास जाग्यावर आलेला असतो आणि आधी ओझ्याखाली निसटलेल्या गोष्टी दिसतात: कापलेलं टोक, खोडाच्या मागच्या बाजूची शिवण, रांगेत ठेवलेले तीन दगड.

मग कनू. होडीच्या शेजारी उभं राहून जवळची कड धरायची, बूड मांड्यांवर ओढून घ्यायचं, हात लांबवून पलीकडची कड पकडायची आणि एका झोक्यात होडी उलटी करून मान आत घालायची. मधल्या आडव्या पट्टीचं जोखड खांद्यांवर नेमकं बसलं पाहिजे. केव्हलरची हलकी कनू वीस किलोच्या आसपास असते, लाकूड-कॅनव्हासची जुनी त्याच्या पावणेदोन पट. होडी वर गेल्यावर जग आक्रसतं. समोर चार पावलांची जमीन, वर होडीचं पोट, त्यात आपलाच श्वास घुमतो आणि डास आधीच येऊन बसलेले असतात. नाक उचलून पुढचं पाहायचं तर मागचं टोक जमिनीला लागतं. या अवस्थेत आडवं झाड आलं की होडी खाली घे, त्यावरून ढकल, पुन्हा उचल. पण वाट मोकळी असेल तेव्हा, पावलाला लय सापडली की, ओझं डुलतं आणि चाल त्या डुलण्याशी जुळते. त्या जुळण्याचं सुख मोठं आहे, आणि ते पाण्यावर मिळत नाही.

फर व्यापाराच्या काळातले नावाडी नव्वद पौंडांचं, म्हणजे सुमारे एक्केचाळीस किलोचं गाठोडं कपाळपट्ट्यानं पाठीवर घेत, बहुधा दोन-दोन एकदम. सुपीरिअर सरोवराकाठचं ग्रँड पोर्टेज साडेआठ मैलांचं होतं. ते त्यांनी विसाव्याच्या सोळा टप्प्यांत वाटून घेतलं होतं. त्यांच्या कष्टांवर चित्रं निघाली, गाणी टिकली. पण वाबाकिमीतल्या वाटा त्यांनी पाडलेल्या नाहीत. या इथल्या मूळनिवासी अनिशिनाबे आणि क्री लोकांच्या वाटा. हडसन्स बे कंपनीनं १७८६ साली सेंट जोसेफ सरोवरावर ऑस्नबर्ग ठाणं उघडलं तेव्हा व्यापारी याच आयत्या वाटांवरून आत आले. पिकिटिगुशी नदीवरच्या क्लिफ लेकमध्ये पाण्यातून उभ्या उठणाऱ्या कड्यांवर लाल गेरूची चित्रं आहेत. होडीत बसूनच ती पाहायची असतात. ज्यांनी ती काढली त्यांना इथे येण्यासाठी कोणाला वाट विचारावी लागली नव्हती.

निर्जन अरण्य म्हणून इथे येणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की मोडलेली वाट ही आधी वाहती वाट होती. ती का मोडली याला कारणं आहेत. १९०५ साली सरकारी आयुक्त कनूतून ऑल्बनी नदीनं आले आणि जुलैत ऑस्नबर्ग व फोर्ट होप इथे त्यांनी मूळनिवासींकडून करार क्रमांक ९ वर सह्या घेतल्या. तीन आयुक्तांपैकी एक डंकन कॅम्बेल स्कॉट, कॅनडाचा नावाजलेला कवी. या नद्यांवर, या रानावर त्यानं कविता लिहिल्या. आणि याच स्कॉटच्या हाती पुढे मूळनिवासींच्या खात्याचा कारभार असताना १९२० साली मुलांना शाळेत घालण्याची सक्ती झाली, आणि त्या सक्तीनं मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत नेली गेली. आईवडिलांच्या मागे पोर्टेज चालत वाट शिकायच्या वयात ती भिंतींआड होती. स्कॉटला या वाटांचं सौंदर्य दिसत होतं यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच त्याला माफ करणं मला जड जातं. त्यानंतर तरंगती विमानं आली, स्नोमोबाइल आल्या, १९४३ साली वाबूस धरणानं ओगोकीचं बरंचसं पाणी दक्षिणेला निपिगॉनकडे वळवलं आणि धरणाखाली नदी रोडावली. पण पहिला घाव माणसांवर होता.

व्हाइटवॉटर सरोवरातल्या एका बेटावर १९६१ पासून १९८० पर्यंत वेंडेल बेकविथ नावाचा विस्कॉन्सिनचा संशोधक राहिला. त्यानं हातानं बांधलेल्या लाकडी घरांपैकी एक अर्धं टेकडीच्या पोटात आहे. लोक ती पाहायला वाट वाकडी करून जातात, छायाचित्रं काढतात. घरं अप्रतिम आहेत. तरी त्या बेटापर्यंत नेणारी अनामिक वाट मला त्यांच्याहून थोर कारागिरी वाटते, आणि तिचं छायाचित्र कोणी काढत नाही.

या वाटा साफ कराव्यात की नाही, यावर कनूवाल्यांत मतभेद आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकापासून काही स्वयंसेवक दर उन्हाळ्यात आत जाऊन जुनी पोर्टेजं शोधतात, कापून मोकळी करतात, नकाशे काढतात. काहींना ते खटकतं. वाट सोपी झाली की गर्दी येईल असं त्यांना वाटतं. मी स्वयंसेवकांच्या बाजूचा आहे. न चाललेली वाट तशीच जपून राहत नाही, ती मरते, आणि वीस-तीस वर्षांनी तिच्या जागी फक्त रान असतं. पाट्या नकोत, झाडाझाडाला बांधलेल्या भडक प्लास्टिकच्या फिती तर अजिबात नकोत. त्या आल्या की माणूस खोडाकडे बघायचं सोडून फितीमागे फिती मोजत जातो. पण आडवं झाड कापावं. होडी जाईल एवढंच, वाटेच्या रुंदीपुरतं. जुन्या खुणेवर नवी खूण करू नये. आणि कुठल्या वाटा उघडाव्यात, कुठल्या झाकलेल्याच राहू द्याव्यात, हे ठरवताना ज्यांच्या पणज्यांनी त्या पाडल्या त्या वस्त्यांना आधी विचारावं. कड्यावरच्या चित्रांकडे जाणाऱ्या वाटेबद्दल तर नक्कीच.

वाट समजल्यासारखी वाटली तरी तिचा एक भाग राहून गेलेला असतो. आपण बहुतेक वेळा नदीच्या प्रवाहाबरोबर जातो, कारण ते सोपं. जुने लोक दोन्ही दिशांनी जात, आणि खाली जाताना जमेल तो खळाळ होडीतूनच उतरत. वर येताना मात्र वाहत्या पाण्याविरुद्ध इलाज नसे. वाट खरी लागायची ती चढताना. पुष्कळ पोर्टेजांची आखणी चढणाऱ्याच्या सोयीची आहे, हे खालून वर चालल्याशिवाय कळत नाही. वरून येताना जो वळसा फुकटचा वाटला, तो खालून येताना चढण अर्धी करून टाकतो. जिथे धाप लागते तिथे थोडी सपाट जागा असते. अशा सपाटीवर कधीकधी दोन झाडांच्या बेचक्यांत आडवं टाकलेलं लाकूड सापडतं, कनूचं नाक त्यावर टेकवून खांदे मोकळे करण्यासाठी. बहुतेक ठिकाणी ते कुजून गेलेलं असतं, पण बेचकी ओळखू येते. त्यात नवं लाकूड बसवायला घडीच्या करवतीनं दहा मिनिटं लागतात, आणि तेवढी दुरुस्ती मला कुठल्याही पाटीपेक्षा जास्त उपयोगाची वाटते.